लघवीचं इंजेक्शन आणि बायचा नवस

ऑपरेशननंतरच्या दिवसांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न ‘बरं वाटतंय का?’ हा नव्हता. ‘झाली का?’ हा होता. नर्स विचारायची, डॉक्टर विचारायचे, बायको विचारायची. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक भेटायला आले, तर वॉर्डच्या काचेपलीकडून त्यांनीही हाताची खूण करून तेच विचारलं. चाळिशी उलटलेल्या, पोरांना चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला अख्ख्या जगानं लघवीबद्दल विचारावं, याची आधी लाज वाटते. मग चीड येते. शेवटी आपणही सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या पिशवीकडे बघायला लागतो.

परवा फुलपाड्याहून एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. नवऱ्याची किडनी बदलायची आहे, बायको देणार आहे. त्यानं विचारलं, “सर, एकदा ऑपरेशन झालं की सुटलो ना?” मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. औषधांची नावं आणि प्रमाणं तुमचे डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते मधल्या दिवसांबद्दल, कारण त्यांच्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मीठ बंद

मी जूचंद्रचा. वडील मिठागरावर काम करायचे. आमच्या घरात जिन्याखाली मिठाची गोण नाही असा दिवस मी लहानपणी पाहिला नाही. अशा घरातल्या माणसाला वसईतल्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, “आजपासून मीठ बंद.”

मी त्यांच्याकडे गेलो होतो तो सुजलेल्या पायांसाठी. फळ्यासमोर उभं राहून पाय सुजतात, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यांनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, रक्त तपासायला पाठवलं, सोनोग्राफी करायला लावली. मग म्हणाले, “दोन्ही किडन्या लहान झाल्यात. हे आजचं नाही, बरीच वर्षं चाललं असणार.”

“पण मला काही दुखलं नाही,” मी म्हणालो.

“ह्यात दुखत नाही.”

मी त्यांच्याशी वाद घातला. खरंच घातला. जणू त्यांनी मला चुकीचे मार्क दिले होते आणि पेपर पुन्हा तपासायचा होता. माझी बायको सुनंदा शेजारी बसली होती. ती माझा सदरा ओढत म्हणत होती, “अवो, त्यांच्यावर कशाला चिडताय?” मग कुणावर चिडायचं, ते मात्र तिलाही सांगता आलं नाही.

पुढे डायलिसिस आलं. त्याबद्दल इतकंच सांगतो की सुई, मशीन, थकवा हे सगळं सवयीचं होतं. तहान सवयीची होत नाही. दिवसभरात किती पाणी प्यायचं ते ठरवून दिलेलं. चहा, आमटी, ताक सगळं त्यातच धरायचं. जुन्या किडन्या जेमतेम काही थेंब काढायच्या, बाकीचं पाणी अंगात साठायचं. घरात कुणी नळ उघडला तरी मी चिडायचो. पोरं न्हाणीघरात दार लावून पाणी प्यायची, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे घरावर संकट आलं की बायका देवीपाशी काहीतरी सोडतात. संकट टळेपर्यंत ती वस्तू तोंडात घालायची नाही. माझं डायलिसिस सुरू झालं तशी आईनं मासळी सोडली. काकीनं चहा सोडला, आणि चहाविना तिचं डोकं दुखायला लागल्यावर ते खापरही माझ्याच आजारावर फुटलं. सगळ्यांनी माझ्यासाठी काही ना काही सोडलं होतं आणि मला मात्र दोन घोट जास्त पाणी हवं होतं.

देणार कोण

आईला मधुमेह, ती बाद. सुनंदाचा रक्तगट जुळेना. राहिली माझी थोरली बहीण. आम्ही सगळे तिला बाय म्हणतो. लग्न होऊन ती विरारला गेली, फुलपाड्यात तिचं घर. तिनं कुणाला विचारलं नाही. एका रविवारी आली, ताटात भात वाढून घेतला आणि म्हणाली, “माझी तपासा.”

भावजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे पटलं नव्हतं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना भीती वाटत होती आणि भीती वाटली की ते आवाज चढवतात. “तुजा भाव हाय, मना मान्य हाय. पन उद्या तुला काय झाला तं आमी कोनाकडं बघायचा?”  मी खाली मान घालून बसलो होतो. कारण मला ती किडनी हवी होती, आणि हवी आहे असं म्हणायची सोय नव्हती.

मुंबईच्या हॉस्पिटलात परवानगी देणाऱ्या समितीनं बायला एकटीला आत बोलावून विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? बाहेर येऊन ती आम्हाला म्हणाली, “मी त्यांना सांगितला, माज्यावर दबाव टाकनारा अजून जन्माला यायचा हाय.” भावजीसुद्धा हसले. त्या हसण्यात परवानगी मिळाली, असं मी धरून चाललो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. “मी पन सोडलाय रे,” असं म्हणाली. काय सोडलंस, हे मी विचारलं नाही. मासळी असेल, असं वाटलं. आमच्यात तेच सोडतात.

पिशवी

सर्जननी आधी सांगितलं होतं की जिवंत माणसाची किडनी असली की ती बहुतेक वेळा टेबलावरच लघवी करायला लागते. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द आम्ही कुणीच ऐकले नाहीत. आम्ही ऐकलं ते ‘टेबलावरच’.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटात उजव्या बाजूला जड ओझं, नाकात नळी, आणि तोंडावर मास्क लावलेली नर्स वाकून पिशवीकडे बघत होती. तिनं पिशवी सरळ केली, नळीला चिमटे काढले, कुठे अडलंय का ते पाहिलं. तिचा चेहरा दिसत नव्हता, तरी पिशवी कोरडी आहे हे मला कळलं.

मग डॉक्टर आले. किडनीचे डॉक्टर तरुण होते, भराभर बोलणारे. म्हणाले, “गुरुजी, आपण लघवी वाढवायचं एक इंजेक्शन देऊ. मग पुढचे काही तास किती होते ते बघू. भरपूर झाली, तर किडनी जागी आहे, लगेच काम करील. कमी झाली, तर ती झोपलीय. मग जागी होईपर्यंत डायलिसिस.”

“आणि जागी झालीच नाही तर?”

“ते हे इंजेक्शन सांगत नाही. हे फक्त सुरुवातीचं सांगतं.”

हे वाक्य मी तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण त्या वेळी ते आमच्या डोक्यात शिरलं नाही. वॉर्डच्या बाहेर बसलेल्या माझ्या माणसांनी त्या इंजेक्शनची परीक्षा करून टाकली. इंजेक्शन दिलं, आता पास की नापास. सुनंदा काचेपलीकडे उभी राहून पिशवीवर डोळे रोखून होती. काका तिच्या खांद्यावरून बघत होते. पिशवीकडे बघणारी इतकी माणसं आणि पिशवीवरच्या रेघांपैकी पहिलीसुद्धा ओली होईना. माझ्याकडे कुणी बघेना. मी हात हलवला, तरी सुनंदा पिशवीकडेच बघत होती. मला इतका संताप आला की पांघरूण ओढून मी ती पिशवी झाकली. नर्सनं पुन्हा उघडी केली.

इंजेक्शनचा वेळ संपला. चहाच्या कपाच्या तळाशी उरतो तेवढंच पिशवीत जमलं होतं. डॉक्टर म्हणाले, “वेळ घेणार ही.”

“पण थोडी तरी झाली ना?” मी विचारलं.

“थोडी झाली. पण तुमच्या जुन्या किडन्या आत तशाच आहेत. त्याही थोडी थोडी काढत होत्या. आत्ताची ही कुणाची, ते मला सांगता येणार नाही.”

म्हणजे जे काही थेंब आले होते त्यांचंही श्रेय नव्या किडनीला देता येईना. मला डायलिसिसला न्यायला खुर्ची आली. बहिणीची किडनी पोटात आणि मी पुन्हा त्याच मशीनवर. ह्या दिवसापेक्षा वाईट दिवस माझ्या आजारपणात आला नाही, आणि तो ऑपरेशन यशस्वी झाल्यानंतर आला. टाके उत्तम होते, रक्तपुरवठा उत्तम होता, सगळे डॉक्टर समाधानी होते. मी सोडून सगळं उत्तम चाललं होतं.

बाहेर काकांनी कुणाला तरी फोन करून ‘फेल’ हा शब्द वापरला. संध्याकाळपर्यंत तो जूचंद्रला पोचला. आई देवघरात बसली ती उठेना, असं सुनंदानं मागाहून सांगितलं.

वरचा मजला

बाय वरच्या मजल्यावर होती. तिचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. कुशीत मोठी चीर होती, खोकला आला की कळवळायची, पण लवकरच उठून बसली. सलाईन काढलं आणि डॉक्टरांनी बजावलं, आता भरपूर पाणी प्यायचं. एकच किडनी आहे, तिला पाणी लागतं.

माझ्या खोलीत जंतुसंसर्गाच्या भीतीनं कुणाला येऊ देत नव्हते. पलंगाजवळ एक फोन होता, त्यावरून काचेबाहेरच्या माणसाशी आणि वरच्या मजल्यावरही बोलता यायचं. एका दुपारी सुनंदा काचेपाशी आली आणि तिनं बाहेरचा फोन उचलला. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आई गेली.

“बाय पानी पीत नाय,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“सलाईन काढल्यापासून नाय. नर्स पेला भरून ठेवते, ती बेसिनमधे ओतते. आज तिचे ओठ बघितले म्हनून मी विचारला. तिनं नवस बोललाय. तुमाला लघवी होईपर्यंत पान्याचा थेंब घेनार नाय.”

‘मी पन सोडलाय रे.’ तिनं पाणी सोडलं होतं. आमच्या घरातल्या सगळ्या बायकांनी जे केलं तेच तिनं केलं होतं. फक्त तिनं वस्तू निवडली ती मला दोन वर्षं मिळत नव्हती ती. भावाला मिळत नाही, तर मलाही नको. आणि माझ्या किडनीला झोपायला हाच मुहूर्त सापडला होता.

तिची लघवी कमी होऊन पिवळीजर्द झाली होती. डॉक्टरांनी तिला पुन्हा सलाईन लावलं. त्याला तिनं हरकत घेतली नाही, कारण ते तोंडातून जात नव्हतं. देवीशी असा करार तिनं मनातल्या मनात करून ठेवला होता. पण तिला दोन दिवसांत घरी सोडणार होते. फुलपाड्यात तिला सलाईन कोण लावणार होतं? आणि माझी किडनी कधी जागी होईल हे डॉक्टरांनाच माहीत नव्हतं. आठवडा लागेल म्हणाले, दोन लागतील म्हणाले, जास्तही लागू शकतात म्हणाले.

भावजी वरच्या मजल्यावर भिंतीला टेकून उभे होते, असं सुनंदा सांगत होती. आवाज चढवला नव्हता. फक्त एवढंच म्हणाले होते, “एक दिली ती चालंना. दुसरी घालवतंय आता.”

मी सुनंदाला म्हणालो, “तिला फोनवर घे.”

भांडण

“बाय, पानी पी.”

“जना, तुला झाली?”

“झाली.”

“खोटा बोलतंस. लहानपनी पन तुला खोटा बोलायला जमायचा नाय.”

मी दुसरी वाट धरली. “थोडी झाली ना पन! तू नवस काय बोललीस? झाल्याबिगर पिनार नाय. मंग झाली ती. देवीनं मोजमाप सांगितला होता काय?”

“ती तुझ्या जुन्या किडन्यांची. मना माहीत हाय.”

मी काचेतून सुनंदाकडे बघितलं. ती चपलेकडे बघायला लागली.

डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. नर्सनं रागावून पाहिलं होतं. भावजींनी हात जोडले होते. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. बाय हट्टी नाही, उलट फार मऊ आहे. पण देवीला दिलेला शब्द मागे घ्यायचा कसा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी शब्द मागे घे म्हणालो, तर तिला वाटलं असतं की मी माझ्या किडनीवरची आशा सोडली.

मग मला एकदम राग आला. आजाराचा, पिशवीचा, त्या सगळ्या प्रश्नांचा, सगळा तिच्यावरच निघाला.

“बाय, मना सांग, ही किडनी कोनाची?”

“कसली रे?”

“माझ्या पोटात हाय ती. कोनाची?”

“माझी,” ती म्हणाली. मग थांबली. “म्हंजे, आता तुझी.”

“नक्की कर. माझी का तुझी?”

पलीकडे खाट करकरली.

“दिलीस ना? मंग दिली म्हन. दिलेली वस्तू कोन रोज येऊन बघतं, चालते का नाय? ती चालंल, नायतर झोपंल. ती माझी हाय, तिचा मी बघून घेईन. तुझ्याकडं एक उरली हाय, ती माझी नाय. ती माझ्यापायी सुकवायचा तुला काय हक्क? भावजींना काय सांगू मी? आयला काय सांगू?”

टाके इतके दुखले की मला श्वास घेता येईना. नर्स धावत आली आणि माझ्या हातातून फोन घ्यायला लागली. मी दिला नाही.

बाय म्हणाली, “देवीला काय सांगू?”

“सांग, भाव भांडला.”

 पलीकडून स्टीलच्या पेल्याचा आवाज आला. तांब्याला लागतो तसा. मग तिच्या गळ्याचा आवाज. घट घट. ती न थांबता पीत होती. शेवटी एक खोकला, चीर दुखल्याचं एक ‘आय गं’, आणि फोन ठेवल्याचा आवाज.

मी रडलो. ती प्यायली म्हणून रडलो, आणि खरं सांगायचं तर पाण्याचा तो आवाज ऐकून मलाही इतकी तहान लागली म्हणूनही रडलो. नर्सनं मला चमचाभर पाणी दिलं. तिनं ते कुठे नोंदवलं नसावं.

झोपलेली किडनी

बाय घरी गेली. तिनं मला फोन केला नाही. सुनंदाकडून कळायचं, पाणी पिते, जेवते, बोलत मात्र नाही. मी दुखावलं होतं तिला. देणाऱ्याला ‘आता तुझं काही नाही’ असं सांगणं कुणाला आवडेल? पण दुसरं वाक्य मला त्या दिवशी सापडलं नव्हतं आणि आजही सापडलेलं नाही.

माझं डायलिसिस चालूच होतं. ज्यांची किडनी पहिल्या दिवशी धो धो चालली ते माझ्यानंतर येऊन माझ्या आधी घरी गेले. त्यांच्या बायका नर्सकडे सगळ्यांसाठी पेढे देऊन जायच्या. मी पेढा घ्यायचो आणि मनात शिव्या द्यायचो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तुम्हालाही तसंच वाटलं तर तुम्ही एकटे नाही, म्हणून लिहितोय. डॉक्टरांनी पोटातून सुई घालून किडनीचा तुकडा तपासला. शरीरानं ती नाकारलेली नव्हती. “झोपलीय फक्त,” ते पुन्हा म्हणाले. मला त्या ‘फक्त’चा भयंकर राग यायचा.

मग एका सकाळी त्यांनी पुन्हा तेच इंजेक्शन दिलं. ह्या वेळी काचेपलीकडे कुणी नव्हतं. सुनंदा आंघोळीला गेली होती. मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून पडलो. ठरवलं होतं की बघायचंच नाही. नर्स आली, वाकली, बाहेर गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. मी विचारलं, “ही कशाला?”

“ती भरली,” ती म्हणाली.

सुनंदाच्या आधी मी फुलपाड्याला फोन लावला. भावजींनी उचलला. माझा आवाज ऐकून त्यांनी तसाच फोन बायच्या हातात दिला.

“बाय, झाली.”

पलीकडे तिनं नाक ओढलं. मला वाटलं, रडत असेल.

“बाय, ऐकतंस का? झाली.”

“मना कशाला सांगतंस?” ती म्हणाली. “तुझी हाय ना ती?”

 तिचं बरोबर होतं, आणि ते मीच तिला सांगितलं होतं.  बरं ठेवतो, असं काहीतरी पुटपुटून मी फोन कानापासून काढला, तेवढ्यात आतून तिची घाईघाईची हाक आली.

“जना! ए जना! ठेवू नको. किती झाली?”